बाटल्यांना टोपरी घालणाऱ्या लेयाबाईंसंबंधी अर्ज

अर्जदार: मुकुंद शंकर पाताडे, व्यवसाय अर्जलेखन, बसण्याची जागा तहसील कचेरीबाहेरील पत्र्याची शेड, पनवेल.

जिच्यासंबंधी अर्ज ती व्यक्ती: श्रीमती लेया अष्टमकर, पदार्थविज्ञानाच्या निवृत्त प्राध्यापिका, राहणार अर्जदाराच्याच इमारतीत, दुसरा मजला, तळ्याकडील बाजू.

साक्षीदार: (एक) जनार्दन भोईर ऊर्फ जना, राहणार विचुंबे, न्हावा शेवा बंदरात ट्रेलर चालवणारा व ट्रेलरचा मालकही. (दोन) त्याच्या मातोश्री हौसाबाई. (तीन) डॉक्टर घरत, एमआरआय केंद्राचे चालक, लेयाबाईंचे माजी विद्यार्थी.

घटनेचा काळ: यंदाचा शिमगा ते गणपती.

मागणी: शेवटी नमूद केली आहे. ती आधी वाचल्यास तिचे वजन कळणार नाही, म्हणून वाचकाने मधला मजकूर गाळू नये.

वाचक महाशय,

लेयाबाई बाटल्यांना लोकरीची टोपरी घालतात. सुरुवात येथूनच करणे भाग आहे, कारण त्यांना ओळखणारा पनवेलमधील प्रत्येक इसम येथूनच सुरुवात करतो. तान्ह्या बाळाला हनुवटीखाली बंद बांधून घालतात, तसलीच ही टोपरी. काही पिवळी, काही निळी, एक गुलाबी. दर मंगळवारी सकाळी बाई वेताच्या टोपलीत या बाटल्या उभ्या करतात, वरून जुनी शाल पांघरतात आणि जिना असा उतरतात की मागून येणाऱ्याची कामाची वेळ टळून जावी. रिक्षात बसल्यावर टोपली मांडीवर घेतात आणि बजावतात, "खड्डा आला की आधी सांग. मी यांना उचलून धरीन."

नवखा रिक्षावाला हमखास मागे वळून विचारतो, "बाळ किती महिन्यांचं आहे, आजी?"

"हे अडीच महिन्यांचं. हे मागच्या दिवाळीचं. आणि हे गुलाबी टोपऱ्यातलं आता नासायला आलंय, टाकून द्यायचंय."

तो रिक्षावाला पुन्हा आमच्या गल्लीत भाडे घेत नाही.

बाटल्यांत अर्थातच बाळ नसते. एकीत चायना ग्रासची घट्ट जेली, दुसरीत तीच जेली शेंगदाण्याचे तेल घोटून, तिसरीत खरवस, चौथीत मिठागरातले खारे पाणी, आणि एकीत अंड्याचा पांढरा बलक. या साऱ्या बाटल्या डॉक्टर घरत यांच्या एमआरआय यंत्रात पहिल्या रुग्णाच्या आधी जातात आणि त्यांची तपासणी होते. रुग्णांची रांग बाहेर ताटकळते आणि खरवस आत आडवा पडून असतो. डॉक्टरांनी एकदा फक्त सुचवले की बाटल्या महिन्याने आणल्या तरी चालेल. बाई म्हणाल्या, "घरत, तू बारावीच्या प्रॅक्टिकललाही असाच घाई करायचास." त्यानंतर डॉक्टरांनी काही सुचवल्याचे माझ्या माहितीत नाही.

टोपरी का, हे मीच त्यांना विचारले. बाई म्हणाल्या, "गारठा लागला तर उत्तर बदलतं. आणि टोपऱ्याला धातूचं बटण नसतं. दुसरं काय घालू? फेटा?"

आता हे यंत्र नेमके काय करते, ते सांगणे प्राप्त आहे. शाळा माझ्या हातून नववीनंतर सुटली, तथापि शासकीय भाषा मला अवगत असल्याने कोणतीही गोष्ट मी सुसूत्रपणे मांडू शकतो. बाईंनी मला समजावले ते माझ्याच कचेरीच्या दाखल्याने.

"तुमच्या कचेरीत साहेब आत आले की काय होतं, पाताडे?"

"सर्व उठून उभे राहतात."

"आणि गेले की?"

"बसतात."

"एकदम?"

यावर मी क्षणभर विचार केला. एकदम बसत नाहीत. शिपाई साहेबांची पाठ वळताच बसतो. कारकून दार बंद होईपर्यंत थांबतो. नवीन भरती झालेला मुलगा बिचारा बराच वेळ उभाच असतो.

"झालं तर मग," बाई म्हणाल्या. "शरीरातल्या पाण्यात आणि चरबीत अगदी बारीक बारीक लोहचुंबक असतात, असं समजा. मशीन त्यांना रेडिओच्या लाटेने उठवतं आणि मग बघत राहतं, कोण किती वेळात बसतो. चरबी चटकन बसते. मोकळं पाणी रेंगाळतं. कूर्चेचं वेगळं, लिव्हरचं वेगळं, सुजलेल्याचं वेगळं. अंगाला सुरी न लावता कळतं की आत शिपाई किती आणि कारकून किती."

शासनाच्या कोणत्याही परिपत्रकापेक्षा हे मला स्पष्ट वाटले.

आणि बाटल्या कशासाठी? तर बाटलीत काय आहे ते बाईंना ठाऊक असते, कारण ते त्यांनीच घातलेले असते. यंत्राने तेच सांगितले तर यंत्र खरे. न्यायालयात साक्षीदाराला आधी त्याचे स्वतःचे नाव विचारतात, त्यातलाच हा प्रकार.

बाईंचे आणखी एक वैशिष्ट्य म्हणजे, "खूप", "फार", "जरासे" हे शब्द त्यांच्यासमोर उच्चारण्याची सोय नाही. लगेच प्रश्न येतो, "म्हणजे किती?" भाजीवाली म्हणते, मेथी खूप ताजी आहे. म्हणजे किती? सोसायटीचा सेक्रेटरी म्हणतो, पाणी थोड्या वेळात येईल. म्हणजे किती? आमच्या तळमजल्यावरचे अप्पा वारले, तेव्हा सर्व मंडळी भेटायला गेली होती. अप्पांच्या पत्नी म्हणाल्या, "फार जीव होता हो त्यांचा माझ्यावर." सर्वांनी माना हलवल्या. लेयाबाईंनी विचारले, "फार म्हणजे किती?" मंडळी गारठली. मी तर चपला शोधू लागलो. पण त्या बाई विचारात पडल्या आणि मग सांगू लागल्या. कोणत्या सणाला काय आणले, आजारपणात कोण जागले, कोणत्या भांडणानंतर कोण आधी बोलले. बोलतच राहिल्या. आम्ही निघालो तरी लेयाबाई ऐकत बसल्या होत्या.

नाक्यावरच्या मिठाईवाल्याचे श्रीखंड त्यांनी एकदा यंत्रात घातले आणि संध्याकाळी त्याच्या दुकानात जाऊन म्हणाल्या, "तुमच्या चक्क्यातलं पाणी मोकळं आहे. बांधलेलं नाही. कमी वेळ टांगता तुम्ही." त्याला वाटले अन्नखात्याची बाई. त्याने हात जोडून पेढ्यांचा पुडा दिला. बाईंनी तो आनंदाने घेतला आणि पुढच्या मंगळवारी पेढे यंत्रात गेले.

त्यांना एकदा बैठे काम करणाऱ्या माणसाची मांडी हवी होती, तुलनेसाठी. अशा कामी माझी निवड व्हावी याचा मला अभिमान वाटला. मी नवा सदरा घालून गेलो. अहवालासाठी दुसऱ्या मजल्यावर गेलो तेव्हा बाई चष्मा पुसत होत्या.

"पाताडे, तुमच्या मांडीत जे आहे त्याला मी स्नायू म्हणायला तयार आहे. मशीन कां-कू करतंय."

असो. मूळ प्रकरणाकडे येतो.

शिमगा नुकताच आटोपला होता. जना भोईर माझ्या शेडमध्ये आला आणि बाकावर न बसता उभाच राहिला. दांडगा गडी, गळ्यात सोन्याची जाड साखळी. अशी माणसे सहसा जमिनीच्या मोबदल्याचा अर्ज घेऊन येतात. मी तसा कागदही पुढे ओढला.

"अर्ज लिवा, भाऊ," तो म्हणाला. "मशीनवर."

"कोणत्या मशीनवर?"

"एमआरआयच्या. खोटा बोलतंय."

"मशीनविरुद्ध अर्ज चालत नाही. मशीनला मालक असतो, चालक असतो, देखरेख करणारा असतो."

"मंग सगल्यांवर लिवा."

मी त्याला बसवले, चहा मागवला आणि हकिकत काढून घेतली. जनाचा थोरला भाऊ हरी. बाप लहानपणी गेला, तेव्हा हरीने शाळा सोडून मिठागरात काम धरले आणि धाकट्याला वाढवले. पुढे ट्रेलरचे स्टिअरिंगही त्यानेच जनाच्या हाती दिले. त्या हरीचे लिव्हर आता सुकत चालले होते. पोटात पाणी भरत होते. मुंबईच्या मोठ्या रुग्णालयातील डॉक्टरांनी सांगितले, घरातल्या कोणीतरी आपल्या लिव्हरचा तुकडा द्यावा, म्हणजे हा वाचेल. हरीच्या बायकोचा रक्तगट जुळला नाही. आईचे वय झालेले. उरला जना.

जना तर त्याच दिवशी टेबलावर आडवा व्हायला तयार होता. पण तपासणीत त्याच्या लिव्हरमध्ये चरबी निघाली. डॉक्टर म्हणाले, इतक्या चरबीचा तुकडा हरीला तगणार नाही आणि मागे उरलेला तुलाही पुरणार नाही. चरबी उतरव, पनवेललाच मोजून घे, मग ये. मात्र फार दिवस नाहीत.

"आनी मी उतरवली," जना म्हणाला. "दारू सोडली. मावरा-मासली सोडली. नुसती पेज पितो, भाऊ, आयच्या हातची. रोज चालतो. पँट ढिली झाली बगा. आनी आज पुन्ना मोजला, तर मशीन बोलतंय, तितकाच हाय."

त्याने चहाचा कप बाकावर ठेवला. "तिकडं दादा आडवा पडलाय आनी हितं मशीन मना अडवतंय."

असे दुःख समोर आल्यावर माझी लेखणी थांबत नाही. मी लिहिले: "सबब सदर यंत्राने अर्जदाराच्या यकृतात नसलेली चरबी असल्याचे खोटे दर्शवून एका भावास दुसऱ्या भावाचे प्राण वाचवण्याच्या नैसर्गिक हक्कापासून वंचित ठेवले आहे." जनाने ते वाक्य दोनदा वाचून घेतले आणि डोळे पुसले.

अर्जात यंत्राची देखरेख करणाऱ्या म्हणून लेयाबाईंचे नाव येत होते. शेजारधर्म म्हणून मी मसुदा आधी त्यांना दाखवला. जनाही बरोबर आला. बाईंनी तो उभ्याने वाचला. मला वाटले आता कडाडतील. त्यांनी फक्त एका शब्दाखाली बोट ठेवले.

"'नसलेली'. नसलेली हे कोणी मोजलं?"

"मीच सांगतो ना, मॅडम," जना म्हणाला. "पोट माजा हाय."

"पोट तुझं आहे. माझ्या बाटल्यांवर संशय आहे का तुझा?"

"हाय."

"छान," बाई म्हणाल्या, आणि मला शपथेवर सांगता येईल की त्या मनापासून खूश झाल्या. "आजवर कोणी घेतलाच नव्हता. ये आत."

त्यांनी जनाला स्वयंपाकघरात उभे केले. चायना ग्रास उकळलेले पातेले, तेलाचा डबा, मापाचा प्याला, मिक्सर, तेल जेलीत मिसळावे म्हणून चमचाभर साबणाचे पाणी, रिकाम्या बाटल्या, सर्व त्याच्यापुढे मांडले. "मी गॅलरीत बसते. पाताडेही बसतील. कोणत्या बाटलीत किती तेल घालायचं ते तू ठरव आणि कोणाला सांगू नकोस. उद्या मशीन सांगेल. चुकलं तर या अर्जावर माझी पहिली सही."

जना कितीतरी वेळ आत खुडबुड करत होता. मिक्सर फिरल्याचा आवाज आला, थांबला, पुन्हा आला. बाई तळ्याकडे बघत बसल्या होत्या. मध्येच म्हणाल्या, "टोपरी तूच घाल रे. घट्ट बांध." त्या बलदंड माणसाने जेलीच्या बाटल्यांना नाजूकपणे बंद बांधले, ते मी दारातून पाहिले आहे.

दुसऱ्या दिवशी डॉक्टर घरत यांच्यासमक्ष बाटल्या यंत्रात गेल्या. डॉक्टर पडद्यावरून एकेक आकडा वाचत होते आणि जना मान हलवत होता. पहिली बरोबर. दुसरी बरोबर. तिसरीशी डॉक्टर अडखळले.

"मॅडम, यात चरबी दिसतच नाहीये. शून्य."

बाईंनी जनाकडे पाहिले. जना जमिनीकडे पाहू लागला.

"त्यात घातलाच नाय तेल," तो म्हणाला. "नुसता मिक्सर फिरवला. बोल्लो, बगू गावतंय का."

जनाने कपाळावरचा घाम पुसला. "खोटा नाय बोलत हा," तो म्हणाला. "मंग माजे पोटान हाय कुटून?"

हाच प्रश्न होता. यंत्र निर्दोष सुटले होते, आरोपी बेपत्ता होता आणि मुंबईला हरीच्या पोटातून पुन्हा पाणी काढावे लागले होते. बाईंनी टोपली उचलली आणि म्हणाल्या, "चल. तुझ्या घरी."

विचुंब्याला चहूबाजूंनी नव्या इमारती उठल्या आहेत. मध्ये भोईरांचे घर, पुढे सारवलेला ओटा. हौसाबाई ओट्यावर तांदूळ निवडत होत्या. लुगड्याचा काष्टा, हातभर हिरव्या बांगड्या. मुलाच्या मागे अनोळखी बाई आणि टोपरी घातलेल्या बाटल्या पाहून त्या जरा सरकून बसल्या. लेयाबाई सरळ त्यांच्या शेजारी बसल्या आणि सुपातले खडे वेचू लागल्या.

"जनाला पेजच देता ना, हौसाबाई?"

"पेजच."

"पेजेत काय असतं?"

"तांदूल. पानी. मीठ."

"आणि?"

हौसाबाईंनी सुपातला एक खडा काढला, निरखला, टाकला. "थोडा तूप."

"थोडं म्हणजे किती?"

हौसाबाईंनी हाताने दाखवले. त्या मापाची पळी मी आजवर कोणाच्या घरी पाहिलेली नाही.

"आनी नारलाचा रस," त्या खालच्या आवाजात म्हणाल्या. "आनी रातचेला गूल."

जना मटकन ओट्याखाली बसला. "आय, काय केलंस? मना वाटला भुकेनं ग्वाड लागतंय."

"मंग काय करू?" हौसाबाईंनी सूप खाली ठेवले. "द्यायचा तर नीट द्यायचा. कुनाच्या घरी कोंबरा द्यायचा झाला तर हाडकुला देतो का आपुन? याच्या अंगातला काडनार, त्याच्या अंगान घालनार. सुकलेला घातला तर माज्या हरीचा कसा निभेल? आनी काडल्यावर याला काय उरेल? दोगं पन माजेच हायत ना. म्हनून बोल्ले, आदी भरून घेऊ दे."

म्हणजे मुंबईचे डॉक्टर ज्या गोष्टीला दोष म्हणत होते, ती या माउलीने रोज पळीने घातली होती आणि यंत्राने ती इमानेइतबारे मोजली होती. मी अनेक कबुलीजबाब लिहिले आहेत. असा एकही लिहिलेला नाही.

मला वाटले, बाई आता विज्ञानाचे व्याख्यान देतील. त्यांनी वेगळेच विचारले. "तुमचं मिठागर होतं ना?"

"व्हता. आमी सगली मिटावरच वाडलो."

"मीठ ओढताना खालचा चिखल वर आला तर?"

"मीठ काला येतंय."

"वजनाला भरतं?"

"वजनाला भरतंय. पन कोन घेत नाय."

"तेच डॉक्टर सांगतायत, हौसाबाई. लिव्हर जड झालंय, पण चिखलाने. पांढरं पाहिजे. कमी भरलं तरी चालेल."

हौसाबाईंनी पदर खोचला. मग उठल्या, आत गेल्या, तुपाची बरणी आणून लेयाबाईंच्या पुढ्यात ठेवली. "ही तुमी न्या. हितं असली तर माजा हात जाईल."

ती बरणी लेयाबाईंनी खरोखरच नेली. तीही मंगळवारी यंत्रात गेली.

त्या दिवसापासून बाई रोज विचुंब्याला जाऊ लागल्या. स्वयंपाक हौसाबाईंचा, देखरेख बाईंची. दोघींची खरी अडचण नारळ ही होती. हौसाबाईंचे कालवण नारळाशिवाय होत नाही आणि लेयाबाई पडल्या बेने इस्राएल, म्हणजे आपल्या कोकणातल्या मराठी बोलणाऱ्या ज्यू. त्यांच्याकडे तर गोडापासून तिखटापर्यंत सर्व काही नारळाच्या रसात शिजते. दोघी नारळाविना चुलीपुढे अशा बसत, की जणू घरातले कोणी गावाला गेले आहे.

"उकडलेली भाजी कुत्रा पन खायाचा नाय," हौसाबाई म्हणत.

"मी खातेय ना रोज, तुमच्यासमोर."

"तुमचा काय, तुमाला चव हाय का? तुमी आकडे खाता."

जनाला चालवण्यासाठी बाई रिक्षा करत. जना पुढे भराभरा चाले आणि मागून रिक्षा सरपटत येई. बाई आतून ओरडत, "दम लागला का?"

"खूप लागला."

"म्हणजे किती?"

"म्हंजे मरनाचा, मॅडम."

"मग अजून चाल. मेलेला माणूस इतकं बोलत नाही."

गावातले लोक प्रथम हसले. पुढे पुढे ओट्यावरून विचारू लागले, "काय जना, उतरला का?"

आषाढ सरता सरता हरीची तब्येत इतकी खालावली, की मुंबईहून निरोप आला: याच आठवड्यात काय ते सांगा. मंगळवारची सकाळ ठरली. केंद्राच्या दाराबाहेर मी, हौसाबाई आणि निम्मे विचुंबे. जनाने साखळी उतरवून आईच्या हाती दिली आणि आत गेला. हौसाबाईंनी ती मुठीत धरली. यंत्राचा ठोठो आवाज भिंतीतून येत होता. आवाज थांबला. आम्ही सर्व उठलो. दार उघडले नाही. आवाज पुन्हा सुरू झाला.

"आता काय झाला?" हौसाबाईंनी माझा दंड धरला.

मी काचेतून डोकावलो. जना यंत्राबाहेर स्टुलावर बसला होता आणि आत बाटल्या होत्या. डॉक्टर घरत हातवारे करून काही सांगत होते. बाई ऐकत नव्हत्या. त्यांना आधी साक्षीदाराचे नाव पुन्हा विचारायचे होते.

शेवटी दार उघडले. बाई टोपली घेऊन बाहेर आल्या. त्यांनी हौसाबाईंकडे पाहिले आणि म्हणाल्या, "मीठ पांढरं आहे."

मागून डॉक्टर घरत हसत आले आणि म्हणाले, मर्यादेच्या बऱ्याच आत आहे. बाईंनी त्यांना "बऱ्याच म्हणजे किती" असे विचारले नाही. मी हे मुद्दाम नमूद करतो, कारण ते मी त्या आधी कधी पाहिले नव्हते.

शस्त्रक्रिया झाली. दोघे भाऊ वाचले. गणपतीच्या आधी हरी स्वतःच्या पायांनी विचुंब्याच्या ओट्यावर चढला आणि त्याने पहिली गोष्ट मागितली ती नारळाच्या रसातले मावरे. ते त्याला मिळाले नाही. त्याच्या नशिबी अजून पेज होती, आणि या खेपेला पळीवर जनाची नजर होती.

मग भोईर मंडळी केंद्रावर आली ती वाजतगाजत. बेंजो पुढे, मागे ट्रेलरचे नुसते तोंड, झेंडूने मढवलेले. रस्त्याची वाहतूक थांबली आणि कोणी हॉर्न वाजवला नाही. हौसाबाईंना यंत्राची ओटी भरून त्याला ओवाळायचे होते. ताम्हन घेऊन त्या थेट आत निघाल्या, तशा लेयाबाई दारात हात पसरून उभ्या राहिल्या.

"आत धातू नाही."

"देवाला ताम्हन चालतंय आनी याला नाय?"

"याला नाही चालत."

अखेर केळीच्या पानावर हळदकुंकू, खण आणि दिव्याऐवजी फुले ठेवून यंत्राच्या दाराला ओवाळण्यात आले. नारळ रस्त्यावर फुटला. डॉक्टर घरत यांच्या डोक्याला फेटा बांधला गेला. बाईंना हौसाबाईंनी भर रस्त्यात मिठी मारली आणि बाईंनी टोपली एका हाताने उंच धरून ती स्वीकारली. पनवेलमध्ये अनेक विजयी मिरवणुका मी पाहिल्या आहेत. कोणाचाही पराभव न झालेली ती पहिलीच.

अर्ज येथे संपावयास हरकत नव्हती. परंतु त्यानंतर काही दिवसांनी मी आणि जना बाईंकडे हौसाबाईंनी दिलेले तांदूळ पोचवायला गेलो. बाई गॅलरीत बसल्या होत्या. जना म्हणाला, "मॅडम, आय बोल्ली, तुमाला काय पायजे ते इचारून ये. नाय बोलायचा नाय."

बाई म्हणाल्या, काही नको. जना हलेना. तेव्हा त्या म्हणाल्या, "माझा एक नवस राहिलाय."

मला वाटले मी चुकीचे ऐकले. नवसाला ही बाई "न मोजता केलेला व्यवहार" म्हणत असे.

"तुमचा नवस? कोणासाठी?"

"हरीसाठी. मुंबईचा निरोप आला ना, त्या दिवशी केला. मोजायचं ते सगळं मोजून झालं होतं, पाताडे. हातात काही उरलं नव्हतं."

हरीला तोवर त्यांनी डोळ्यांनी पाहिलेही नव्हते.

नवस मलिद्याचा होता. बेने इस्राएल मंडळी एलियाहू हन्नबी या आपल्या प्रेषितांच्या नावे मलिदा करतात: भिजवलेले पोहे, गूळ, खवलेला नारळ, वर फळे, आणि त्यावर प्रार्थना. सामान काय, कोणीही आणील. जना तर उठलाच. "आत्ता आनतो. आनी विचुंब्याचा आख्खा गाव बसवतो जेवायला."

"गाव बसव रे," बाई म्हणाल्या. "पण प्रार्थनेला आमचे दहा पुरुष लागतात. मी धरून नाही. बायका धरत नाहीत."

काही ठिकाणी कमी माणसांतही करतात, असे मी ऐकून आहे. बाईंच्या वडिलांच्या घरी दहांशिवाय झाला नाही आणि बाई तो तसाच करणार. पूर्वी पनवेलमध्ये दहा जमवायला एक आळी पुरत असे. मग एकेक घर इस्राएलला गेले. बाईंचे दोन्ही भाऊ गेले, भाचे गेले. त्या मागे का राहिल्या, हे मी कधी विचारले नाही आणि त्यांनी सांगितले नाही. भाऊ गेल्यापासून त्या घरात मलिदा झालेला नाही.

मी आणि जना कामाला लागलो. पनवेलमधील मंडळी झाली, पेणचे एक वृद्ध गृहस्थ तयार झाले, अलिबागकडचे दोघे, ठाण्याचे बापलेक. पेणच्या गृहस्थांना उचलून आणावे लागेल, ते जना आणणार आहे. असे करत नऊ झाले. नऊवर थांबले आहे. हौसाबाई दर आठवड्याला निरोप पाठवतात, "गावला का?" बाई स्वतः काही विचारत नाहीत. आम्ही जिन्यात दिसलो की फक्त थांबतात.

सबब विनंती अर्ज असा की, हा मजकूर वाचणाऱ्या बेने इस्राएल समाजापैकी वयात आलेल्या ज्या कोणा पुरुषास पनवेलला येणे शक्य असेल, त्याने तसे अर्जदारास तहसील कचेरीबाहेरील शेडमध्ये लेखी वा तोंडी कळवावे. प्रार्थना येत नसली तरी चालेल. ती इतर नऊ जण म्हणतील, दहाव्याने केवळ हजर राहावे. नेण्या-आणण्याची व्यवस्था साक्षीदार क्रमांक एक करील, जेवणाची साक्षीदार क्रमांक दोन. शनिवार हा त्यांचा पवित्र विश्रांतीचा वार, तो खेरीज कोणताही दिवस येणाऱ्याने ठरवावा. बाईंची सवड विचारण्याचे कारण नाही. शेजारी या नात्याने ती मला ठाऊक आहे.

उत्तर मिळावे, ही विनंती.

आपला,
मुकुंद शंकर पाताडे